काय कापलं, काय ठेवलं : स्वस्त डीएसएलआरची गोष्ट



या मालिकेत आपण रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास बघतो. आजची वस्तू तुमच्याच प्रश्नांतून आली आहे. इंदूर, हैदराबाद, बेळगाव, सुरत, आणि आमच्या बडोद्यातून तर विचारूच नका, एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत असतो : ‘पहिला डीएसएलआर घ्यायचाय, पैसे बेताचे आहेत, कुठला घेऊ?’

मॉडेलचं नाव सांगून मोकळं व्हायला दोन मिनिटं पुरतील. पण ते नाव वर्षभरात शिळं होतं. त्यापेक्षा हा स्वस्त डीएसएलआर नावाचा प्राणी जन्माला कसा आला ते एकदा नीट बघितलं, तर काउंटरपलीकडचा माणूस काय बोलतोय आणि काय बोलायचं टाळतोय, हे दोन्ही कळायला लागतं. कारण तो मुळात स्वस्त कॅमेरा म्हणून कुणी कागदावर आखलेलाच नव्हता. तो महागडा कॅमेरा होता, आणि त्यातले भाग हिशेबानं एकेक करून काढले गेले. कुठला भाग काढला आणि कुठल्या भागाला हात लावला नाही, यातच सगळी गंमत आहे.

एसएलआर म्हणजे काय ते आधी पटकन सांगतो. लेन्समधून आलेला उजेड आतल्या तिरक्या आरशावर पडतो, तिथून वर प्रिझममध्ये जातो आणि तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि तोच उजेड मागच्या फिल्मवर पडतो. म्हणजे जे दिसलं तेच टिपलं गेलं. आणि लेन्स काढून दुसरी लावता येते. बस, एवढंच. फिल्मच्या जागी सेन्सर बसवला की त्याचा डीएसएलआर झाला.

आपल्याकडे बहुतेक घरांत एसएलआर कधी नव्हताच. असायचा तो आग्फा क्लिक थ्री. आम्हा बडोदेकरांना त्याचं जरा जास्त कौतुक, कारण न्यू इंडिया इंडस्ट्रीज त्याची बांधणी बडोद्यातच करायची. १२० ची फिल्म, चौकोनी बारा फोटो, आणि फिरवायला फारसं काहीच नाही. ज्याला खरोखर शिकायचं असेल तो एखादा रशियन झेनिट मिळवायचा. वजनाला वरवंटा, पण ५८ मिलिमीटरची हेलिओस लेन्स झकास. पुढे पेंटॅक्स के१०००, आणि नव्वदीत निकॉनचा एफएम१०. कला महाविद्यालयांतली कित्येक मुलं त्या एफएम१० वर शिकली.

पण कॅमेरा मिळाला तरी शिकणं महागच होतं. ३६ फोटोंचा रोल, तो धुवायला टाकायचा, मग प्रिंट. माझ्या आठवणीतला हिशेब एका फोटोमागे सात-आठ रुपयांचा. शिवाय काय चुकलं ते कळायचं चार दिवसांनी, तेही छिद्र किती ठेवलं होतं आणि शटर किती, हे वहीत टिपून ठेवलं असेल तर. लग्नाच्या फोटोग्राफरचा मदतनीस वर्षभर फ्लॅशची छत्री धरायचा. मालक त्याच्या हातात कॅमेरा द्यायचा नाही. त्यात मालकाचा दुष्टपणा नव्हता. सप्तपदी पुन्हा होत नाही आणि रोलचे पैसे पुन्हा कुणी देत नाही. घरोघरी तर ‘रोल संपवायचाय’ म्हणून शेवटचे चार फोटो तुळशीवृंदावनाचे आणि शेजारच्या मांजराचे निघायचे.

आता डिजिटलकडे येऊ. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचं चित्र, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. १९९१ मध्ये कोडॅकनंच निकॉन एफ३ च्या अंगाला सेन्सर जोडून बाजारात डीसीएस आणला : १.३ मेगापिक्सेल, किंमत वीस हजार डॉलरच्या घरात, आणि फोटो साठवायचा डबा वेगळा, खांद्याला लटकवायचा. वृत्तपत्रांशिवाय कोण घेणार? १९९९ मध्ये निकॉन डी१ आला, अडीच-पावणेतीन मेगापिक्सेलचा, तरी पाच हजार डॉलरच्या आसपास.

पैसा जात होता सेन्सरवर. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीतून कापतात. चकतीवर कुठे ना कुठे बारीक दोष असतोच, आणि ज्या तुकड्यात दोष आला तो तुकडा वाया. तुकडे जितके मोठे, तितका वाया जाणारा माल जास्त. कॅननने २००६ मध्ये स्वतःच सांगितलेला हिशेब असा, की आठ इंची चकतीतून छोटे एपीएस-सी सेन्सर सुमारे दोनशे निघतात, आणि जुन्या फिल्मएवढे, म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटरचे, जेमतेम वीस. आपल्या स्वयंपाकघरातली उपमा द्यायची तर एका पोळपाटावर शंकरपाळे कापायचे की करंज्यांच्या पाऱ्या, हा प्रश्न. म्हणून सामान्यांच्या कॅमेऱ्यात छोटा सेन्सर आला. ही पहिली कापणी, आणि ती प्रामाणिक होती. लेन्स दीडपट ‘जवळ’ आल्यासारखी दिसते, एवढाच फरक नवशिक्याला जाणवतो.

दुसरी कापणी ऑगस्ट २००३ ची. कॅननने ३००डी जाहीर केला. ६.३ मेगापिक्सेल, नुसती बॉडी ८९९ डॉलर, १८-५५ ची लेन्स धरून ९९९. हजार डॉलरच्या आत आलेला हा पहिला डीएसएलआर. आणि आतला सेन्सर होता त्याच वर्षीच्या १०डी चा, ज्याची बॉडीच पंधराशे डॉलरला होती! मग सहाशे डॉलर गेले कुठे? काचेचं प्रिझम काढून आरशांची जोडणी बसवली, त्यामुळे आत बघताना चित्र जरा लहान आणि अंधूक. अंगाला चंदेरी प्लास्टिक. आणि काही गोष्टी तर नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये बंद करून ठेवल्या. हे लोकांच्या लक्षात आलं कसं? रशियातल्या एका हौशी माणसानं त्याचं फर्मवेअर उघडून बदललं, आणि वाढीव आयएसओ, फ्लॅशचा उजेड कमीजास्त करायची सोय, असं बरंच काही आपोआप हजर झालं. म्हणजे वस्तू कॅमेऱ्यात होती, तुमच्या किमतीत तिला कुलूप होतं.

मला मात्र काय काढलं यापेक्षा काय ठेवलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. सेन्सर मोठ्या भावाचाच. लेन्स बदलायची सोय तशीच. छिद्र आणि शटर दोन्ही हातानं ठरवायचा एम मोड होता. रॉ फाइल होती. आणि एक गोष्ट, जिची जाहिरात कुणीच केली नाही : प्रत्येक फोटोच्या पोटात शटर, छिद्र, आयएसओ, सगळं आपोआप लिहिलेलं. ती वही आता कॅमेराच लिहीत होता. वर पुढच्या चुकीला पैसे पडत नव्हते. छत्री धरणाऱ्या पोराला रिकाम्या मांडवात दोनशे फोटो काढून पुसून टाकता येऊ लागले. माझ्या मते डीएसएलआरनं केलेला मोठा बदल हाच, आणि तो सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्येही पुरेपूर होता. पुढच्या सोळा-सतरा वर्षांत कुठल्याही कंपनीनं या पाच गोष्टी कापल्या नाहीत. म्हणून जुना स्वस्त डीएसएलआर आजही शिकायला पुरतो.

यानंतर शर्यत लागली. २००४ मध्ये निकॉन डी७०, २००५ मध्ये डी५० आणि कॅननचा आठ मेगापिक्सेलचा ३५०डी. नोव्हेंबर २००६ मध्ये निकॉननं डी४० आणला, लेन्ससकट सहाशे डॉलरला. इथे जरा थांबू या, कारण इथली कापणी फार बोलकी आहे.

निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसे. मोटर कॅमेऱ्याच्या अंगात, आणि तिचा स्क्रू लेन्सच्या खाचेत बसून फोकस फिरवायचा. डी४० मधून ती मोटरच काढली. छोटा, हलका, देखणा कॅमेरा झाला. पण जुनी ५० मिलिमीटर लावली तर फोकस हातानं. पुढे डी६०, डी३०००, डी५००० पासून थेट २०१८ च्या डी३५०० पर्यंत त्या घराण्यात मोटर परत आली नाही.

आता यातला विरोधाभास बघा. निकॉननं १९५९ पासून आपला एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायचं तोंड, सांभाळून ठेवलं होतं. जुन्या गिऱ्हाइकाशी इमान राखणारी कंपनी म्हणून तिचं नाव. कॅननने १९८७ मध्ये उलट केलं : जुना एफडी माउंट एका फटक्यात बंद केला, ईएफ नावाचं नवं तोंड आणलं, आणि मोटर प्रत्येक लेन्समध्येच घातली. तेव्हा ज्यांनी एफडी लेन्स जमवल्या होत्या त्यांनी कॅननला किती शिव्या दिल्या असतील! पण वीस वर्षांनी बेताच्या पैशात कॅमेरा घेणाऱ्याला त्याच निर्णयाचा फायदा झाला. सगळ्यात स्वस्त कॅनन बॉडीवर १९९० ची सगळ्यात स्वस्त ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स ऑटोफोकससकट चालत होती. इमानी घरातल्या धाकट्याच्या वाट्याला हातानं फोकस करणं आलं, आणि बेइमान घरातल्या धाकट्याची चैन झाली. निकॉनवाल्यांना मोटर असलेली स्वस्त ३५ मिलिमीटर एफ/१.८ मिळायला २००९ उजाडलं.

या दोन कंपन्यांपलीकडेही माणसं होती. पेंटॅक्सनं के१००डी मध्ये हात हलला तर सावरणारी यंत्रणा बॉडीतच दिली, आणि बॅटरी म्हणाल तर घड्याळात घालतो तसले पेन्सिल सेल. खेड्यात काम करणाऱ्याला याहून काय हवं? कोनिका मिनोल्टाचा ५डी ही छान होता. पण जानेवारी २००६ मध्ये कोनिका मिनोल्टानं कॅमेऱ्याचा धंदाच सोडला आणि तो सोनीच्या पदरात टाकला. सोनीनं तो माउंट काही वर्षं चालवला आणि २०२१ मध्ये तेही दुकान आवरलं. म्हणून मी म्हणतो, पहिली बॉडी घेणं ही सोयरीक आहे. नवरामुलगा बघताय, पण राहायचंय सासरच्या सगळ्या लेन्ससोबत.

आपल्या बाजारात हे कॅमेरे आले ते दोन दारांनी. एक कंपनीच्या बिलासकट, आणि दुसरं तुम्हाला ठाऊक आहेच. मुंबईची बोरा बाजार गल्ली, दिल्लीच्या चांदणी चौकातलं कूचा चौधरी, कोलकात्याची मेट्रो गली. ‘बिल पाहिजे की नको?’ या प्रश्नावर किंमत ठरायची. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, हे गिऱ्हाइकालाही कळत होतं आणि तरी रांग होती. जुन्या लेन्स मिळायची जागाही तीच.

सरकारदरबारी मात्र कॅमेरा म्हणजे नेमकं काय, यावर वेगळंच रामायण झालं. २००८ मध्ये निकॉन डी९० नं डीएसएलआरमध्ये चित्रफीत आणली. मग हा फोटोचा कॅमेरा की व्हिडिओचा? जकातीचा दर त्यावर ठरणार. आपल्याकडे २०१२ च्या अधिसूचनेत रेषा आखली गेली : ८०० गुणिले ६०० किंवा त्याहून मोठं चित्र, सेकंदाला किमान २३ चौकटी, आणि सलग निदान तीस मिनिटं. असं चित्रण जो करू शकेल त्याला फोटोच्या कॅमेऱ्याची माफी नाही. युरोपातही जकातीची रेषा तीस मिनिटांचीच, म्हणून कित्येक कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांवर गप्प होत. आपल्याकडच्या आयातीचा वाद वाढत वाढत सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ मार्च २०२१ च्या निकालात कॅमेरा बाजूलाच राहिला. नोटीस काढायचा अधिकार महसूल गुप्तचर खात्याला होता का, यावर खटला कॅनन इंडियाच्या बाजूनं लागला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुनर्विलोकनात तो फिरला. तुमच्या मुंजीच्या चित्रीकरणावर एवढे मोठे वकील उभे राहिले होते, हे लक्षात असू द्या.

२०१२ हे डीएसएलआरचं भरतीचं वर्ष. जगभरात एक कोटी साठ लाखांच्या वर डीएसएलआर दुकानांकडे रवाना झाले. मग मोबाइलचा कॅमेरा सुधारत गेला आणि ओहोटी लागली. ओहोटीतली कापणी जरा कंजूष झाली, असं माझं मत आहे. निकॉन डी३४०० मधून बाहेरचा माइक लावायचं भोक आणि सेन्सरवरची धूळ झटकायची यंत्रणा काढली. कॅननच्या ३०००डी मध्ये लेन्स बसवायचं कडंसुद्धा प्लास्टिकचं. आणि २०१९ च्या २००डी मार्क टू मध्ये फ्लॅश बसवायच्या जागेतली मधली पिनच काढून टाकली. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्याच पिनवर पेटतात. ती नाही म्हणजे त्याच कंपनीचा महाग फ्लॅश घ्या. बेताच्या पैशातल्या माणसाला असली कापणी लागते, आणि ती माहितीपत्रकात कुठे छापलेली नसते. २०२० नंतर तर कॅनन आणि निकॉन यांनी नवा डीएसएलआर आणलेलाच नाही. त्यांचं सगळं लक्ष बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. गेल्या वर्षी एका बाईंनी लिहिलं होतं. शिकवण्या घेऊन बावीस हजार रुपये साठवले होते; बारशी, डोहाळजेवणं, मुलांचे वाढदिवस यांचे फोटो काढून घराला हातभार लावायचा होता. दुकानदारानं थोडे पैसे वाढवून दोन झूम लेन्सचा नवा संच सुचवला, वर बॅग आणि कार्ड फुकट. बॅग फुकट म्हटली की आपला माणूस विरघळतो! घेऊ का, असं त्यांचं विचारणं होतं, आणि घाई होती, कारण जावेच्या मुलीचं बारसं तोंडावर आलं होतं.

मी त्यांना हिशेब करून दाखवला, तोच तुम्हाला दाखवतो. संचातली लेन्स जवळ ओढली की एफ/५.६ वर येते. ५० मिलिमीटरची साधी लेन्स एफ/१.८ ला उघडते. ५.६ ला १.८ नं भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा : जवळजवळ दहा. म्हणजे तेवढ्याच उजेडात दहापट प्रकाश. ट्यूबलाइटच्या खोलीत जिथे पहिल्या लेन्सला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि पाळण्यातलं बाळ हललं की फोटो पुसट येतो, तिथे दुसरी शंभराव्या भागात काम उरकते. बॉडी नवी की आठ वर्षं जुनी, याचा त्या फोटोवर याच्या निम्माही परिणाम होत नाही. फार मागे जायचं तर ज्यांनी आमच्या बडोद्याच्या कलाभवनात धडे घेतले त्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, आणि आणलं काय? विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, कच्ची फिल्म. ज्यानं चित्र उमटतं तेवढ्यावरच पैसे घातले.

त्या बाईंनी शेवटी एक वापरलेली कॅनन बॉडी घेतली, ५० मिलिमीटर घेतली, आणि मान वळणारा एक साधा फ्लॅश, जो पांढऱ्या छताकडे तोंड करून मारता येतो. खोली लहान असली की ५० ची लेन्स अडचणीची होते, भिंतीला पाठ टेकवून उभं राहावं लागतं, हे मी आधीच सांगितलं होतं. म्हणून जुनी १८-५५ ही हजार-दोन हजारांत सोबत घेतली. हल्ली त्यांचे प्रश्न ट्यूबलाइटखाली चेहरे हिरवे का येतात, असले असतात. म्हणजे काम सुरू आहे.

तेव्हा जुनी बॉडी घ्यायला गेलात तर घाई करू नका. शटर किती वेळा उघडलंय ते विचारा. निकॉननं डी३२०० चं शटर एक लाख उघडझापांपर्यंत तपासलेलं होतं, त्यावरून अंदाज बांधा. छिद्र एफ/१६ वर ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग काळ्या ठिपक्यांसारखे दिसतील. फ्लॅशच्या जागेत मधली पिन आहे का, बोटानं बघा. लेन्स टॉर्चसमोर धरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी ठेवून या. कोकणात, गोव्यात, मुंबईत, चेन्नईत, कोलकात्यात राहणाऱ्यांनी तर बॅगेत लेन्स ठेवूच नये. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात पुड्या बदलायच्या.

आणि कुणाच्या काकांचा झेनिट कपाटात पडलेला असेल तर तो भंगारात देऊ नका. त्याची हेलिओस लेन्स स्क्रूसारखी फिरवून निघते. कॅननच्या डीएसएलआरवर पातळ पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या कड्यानं ती बसते आणि लांबच्या डोंगरापर्यंत फोकस होतो. निकॉनवर बसली तरी लांबचं धूसरच राहतं, कारण निकॉनमध्ये लेन्सपासून सेन्सरचं अंतर मिलिमीटरभर जास्त आहे. फोकस आणि छिद्र दोन्ही हातानं फिरवावं लागेल. मागच्या बाजूला बुरशी नाही ना, ते मात्र आधी टॉर्च लावून बघा.